धार : दगड, कोन आणि हात

यमुना ओलांडून दिल्लीच्या पूर्वेला आले की मयूर विहारच्या वसाहती लागतात. १९८० च्या दशकापासून इथे डीडीएचे (दिल्ली विकास प्राधिकरणाचे) फ्लॅट आणि सहकारी सोसायट्या उभ्या राहत गेल्या. नोकरीच्या निमित्ताने राजधानीत आलेली मल्याळी, बंगाली, तमिळ, मराठी घरे इथे एकमेकांना लागून राहू लागली. एकाच जिन्यावरच्या स्वयंपाकघरांत डोकावले तर कापण्याच्या निरनिराळ्या रीती दिसतात. मराठी घरात गावाहून आणलेली विळी असते. बंगाली घरात तिच्याच कुळातली बोंटी असते. आणि जवळपास प्रत्येक ओट्यावर प्लॅस्टिकच्या मुठीची, स्टेनलेस स्टीलची एक छोटी सुरी असतेच.

कापायला इथे काही कमी नाही. गाझीपूरची मंडई जवळ आहे, तिथे नाशिकचा कांदाही येतो. थंडीत लाल गाजरे, पांढरे लांब मुळे आणि ओली हळद यांचे ढीग लागतात. उन्हाळ्यात कच्चा फणस भाजीसाठी येतो. एवढी भाजी रोज कापणाऱ्या घरात सुरी मात्र बहुधा बोथट असते. ती एका दिवसात बोथट होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हात नकळत थोडा जास्त जोर लावू लागतो, टोमॅटो कापण्याआधी दबू लागतो, आणि मग ‘ही सुरी वाईट निघाली’ म्हणून दुसरी आणली जाते. तीही काही महिन्यांत पहिलीच्या वाटेने जाते.

याचे कारण साधे आहे. दुकानातून आपण पाते विकत आणतो, धार नाही. पात्यावर पहिल्या दिवशी जी धार असते ती कारखान्याने उधार दिलेली असते. पुढची प्रत्येक धार घरातच काढावी लागते. त्यासाठी एक दगड, थोडे पाणी आणि एकाच कोनात धरलेला हात एवढे पुरते.

बोथट म्हणजे नेमके काय

सुरीच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी बारीक, तितका हाताचा जोर लहान जागेवर एकवटतो. चांगल्या धारेची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी असते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. वापरता वापरता कडेची जाडी दहापट झाली, तर तेवढ्याच जोराचा दाब दहापट कमी होतो. म्हणून बोथट सुरी टोमॅटोची साल कापू शकत नाही, ती नुसती दाबते. साल फाटते तेव्हा आतला गर आधीच चेपलेला असतो.

कांद्याच्या बाबतीत हे डोळ्यांनाच कळते. कांद्याची पेशी फुटली की तिच्यातली विकरे गंधकाच्या संयुगांवर काम करतात आणि डोळे झोंबवणारा वायू तयार होतो. या कामातले एक खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापतानाचे अतिवेगवान चित्रण केले. बोथट पात्याखाली कांद्याचा थर आधी वाकतो, आत दाब साठतो आणि साल फाटताच रसाचे थेंब जोराने उडतात. धारदार पात्याने आणि सावकाश कापले तर थेंब कमी उडतात आणि त्यांचा जोरही कमी असतो. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते त्यात कांद्याइतकाच दोष सुरीचाही असतो.

धार जाते ती तीन प्रकारे. कड झिजते, कड एका बाजूला वळते, किंवा तिचे सूक्ष्म कपचे उडतात. पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेली भाजी पोलादाला कशी हरवते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाढीच्या पात्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरी तो वाकून कडेवर तिरका रेटला गेला की पोलादाच्या अंतर्गत रचनेतल्या कच्च्या जागी कपचा उडतो. स्वयंपाकघरात याहून मोठा शत्रू सुरीच्या खाली असतो. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा बोर्ड आणि स्टीलचे ताट यांच्यावर टेकली की कड लगेच वळते किंवा चेपते. लाकडी पाट किंवा लाकडी बोर्ड वापरणे हा धार टिकवण्याचा पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय आहे.

‘स्टेनलेसला धार लागत नाही’ ही समजूत या पोलादाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे हॅरी ब्रीअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि न गंजणाऱ्या सुऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा तिथल्या जुन्या कारागिरांनीच ‘न कापणारी सुरी शोधणारा’ म्हणून त्यांची टिंगल केली होती. क्रोमियममुळे पोलाद घासायला थोडे चिवट होते हे खरे, पण आजच्या दगडांपुढे तो चिवटपणा टिकत नाही. आपल्या घरातल्या बहुतेक स्वस्त सुऱ्या तर मऊ पोलादाच्या असतात. त्यांची धार लवकर जाते, आणि तितक्याच लवकर परत येते. महागड्या, कडक जपानी सुरीपेक्षा अशा सुरीवर हात बसवणे पुष्कळ सोपे असते.

कोणता दगड घासतो, कोणता नाही

धार लावणे म्हणजे कडेजवळचे पोलाद थोडे थोडे खरवडून काढणे. त्यासाठी दगडातले कण पोलादापेक्षा कठीण हवेत. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी मांडली. त्या श्रेणीत सुरीचे पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहा यांच्या दरम्यान येते. आता घरातले दगड या मापाने पाहू.

दिल्लीतल्या कित्येक फ्लॅटमध्ये जमिनीला कोटा फरशी असते. मराठी मुलखात ओट्याला कडप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि चुनखडीतल्या कॅल्साइटचा कठीणपणा जेमतेम तीन आहे. संगमरवरही त्याच जातीचा. ओट्याच्या कडेवर सुरी खसाखसा घासली की काहीतरी झाल्यासारखे वाटते खरे, पण तिथे पोलादापेक्षा दगडच जास्त झिजतो. वालुकाश्माचे तसे नाही. मयूर विहारला लागून असलेले अक्षरधाम मंदिर गुलाबी वालुकाश्म आणि संगमरवर अशा दोन दगडांत बांधलेले आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच भक्कम दिसतात, पण वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्झचे एकत्र बांधलेले कण, आणि क्वार्ट्झ मोह्सच्या श्रेणीत सातवर आहे. पोलाद त्याच्यापुढे झिजते. खेडोपाडी वाळूच्या दगडावर कोयते-विळे घासण्याची जी रीत आहे तिच्यामागे हेच गणित आहे.

चिनी मातीचा कपही याच गणितात बसतो. कप पालथा घातला की बुडाशी एक खरखरीत, बिनझिलईचे कडे दिसते. ते पोलादापेक्षा कठीण असते. घाईच्या वेळी त्यावर सुरी चार-पाच वेळा हलक्या हाताने ओढली तर कड बऱ्यापैकी ताळ्यावर येते. पण कडे अरुंद आणि गोल असल्याने कोन राखणे कठीण जाते. त्यामुळे हा तात्पुरता उपाय आहे.

खरे काम कुरुंद आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे. कुरुंद हे नऊ कठीणपणाचे खनिज आहे. त्याची पूड लाखेत मिसळून सहाणेची चाके करण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. हिरे-माणके घासणारे कारागीर अशी चाके वापरत. सिलिकॉन कार्बाइड मात्र माणसाने बनवले. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत होते. १८९१ मध्ये चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवल्यावर त्यांच्या हाती हे काळे चमकदार स्फटिक लागले. हिरा मिळाला नाही, पण हिऱ्याच्या जवळपास जाणारा कठीणपणा मिळाला. त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. भारतात १९५४ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या कार्बोरंडम युनिव्हर्सलसारख्या कंपन्यांनी असे घासणीचे दगड आणि चाके इथेच बनवायला सुरुवात केली.

मयूर विहारच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘धार लगाने का पत्थर’ मागितला की राखाडी रंगाची, विटेसारखी लांबट वडी पुढे येते. तिची एक बाजू जाड कणांची आणि दुसरी बारीक कणांची असते. घरच्या सुऱ्यांना एवढा दगड पुरतो. आवड वाढली तर १००० आणि ३००० क्रमांकांचे पाण्यावरचे दगड घ्यावेत. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडातले कण साधारण १५ मायक्रॉनचे असतात.

कोन आणि बर

दगडाखाली ओले फडके घाला, म्हणजे तो सरकणार नाही. दगडावर पाणी शिंपडा आणि काम संपेपर्यंत तो ओला ठेवा. पाण्याबरोबर पोलादाचा कीस वाहून जातो आणि दगडाची छिद्रे बुजत नाहीत. ज्या दगडाला एकदा तेल लावले त्यावर पुन्हा पाणी नीट चालत नाही, म्हणून पहिल्यापासून एकच ठरवा. घरात पाणीच बरे.

आता कोन. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन चालतो. आपल्या मऊ पोलादाच्या सुऱ्यांना २० अंश योग्य, कारण त्याहून बारीक कड लगेच वळते. वीस अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, पण पेन्सिलीने मोजता येतात. साधी लाकडी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर पात्याची पाठ दगडापासून एका पेन्सिलीइतकी उचलली की कोन जवळजवळ २० अंशांचा होतो. ४० मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या सुरीला दोन पेन्सिली. पेन्सिल पाठीखाली ठेवून उंची एकदा हाताला कळू द्या, मग ती काढून टाका.

कोन बरोबर बसतो आहे की नाही याची खात्री करायला मार्कर पेन कामी येते. कडेलगत दोन्ही बाजूंना शाईची पट्टी ओढा आणि दगडावर तीन-चार हात मारा. शाई कडेपर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर. कड काळीच राहिली आणि वरचा भाग पुसला गेला तर पाठ थोडी उचला. फक्त कडेची शाई गेली तर पाठ थोडी खाली आणा. नवशिक्यांची सुरी पुष्कळ घासूनही बोथटच राहते ती बहुधा पाठ कमी उचलल्याने. दगड कडेपर्यंत पोचलेलाच नसतो.

सुरुवात जाड बाजूने करा. उजव्या हातात मूठ आणि डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्यावर, कडेपासून मागे. पाते टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या भागाकडून, टोकाकडे सरकवत दगडाच्या लांबीभर पुढे-मागे न्या. टोकाजवळ पात्याला वळण असते, तिथे मूठ किंचित उचला म्हणजे कड दगडाला लागलेली राहील. जोर मध्यम असावा, आणि वेगापेक्षा हात एकसारखा चालणे महत्त्वाचे. एकाच बाजूवर काम करत राहा, सुरी लगेच उलटू नका.

हे किती वेळ करायचे? ठरावीक आकडा मोजण्यात अर्थ नाही, इथे बोटाने विचारायचे असते. कडेजवळचे पोलाद इतके पातळ होते की ते दगडासमोर टिकत नाही आणि विरुद्ध बाजूला वळून त्याचा एक सूक्ष्म ओठ तयार होतो. कारखान्यांत याला ‘बर’ म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेच्या बाहेर हळूच सरकवला की हा ओठ खरखरीत लागतो. अंगठा कडेच्या लांबीत मात्र कधीही फिरवू नये. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बर हाताला लागली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. कुठे लागली नाही तर त्या जागी अजून थोडे घासा. मग सुरी उलटा आणि दुसऱ्या बाजूने तसेच करा.

घरी धार लावणाऱ्यांतले पुष्कळजण इथे थांबतात आणि दुसऱ्याच दिवशी ‘धार टिकली नाही’ म्हणतात. टिकत नाही ती बर. बर असलेली सुरी पहिल्या दोन टोमॅटोंना वस्तऱ्यासारखी लागते, मग तो ओठ दुमडतो आणि सुरी पुन्हा बोथट होते. म्हणून बर आणणे हे अर्धे काम, आणि ती काढणे हे उरलेले अर्धे. दगडाची बारीक बाजू वर घ्या. आता प्रत्येक बाजूला आळीपाळीने एकेक हात, कड पुढे ठेवून, आणि जोर दर वेळी आधीपेक्षा कमी. शेवटचे काही हात सुरीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जड नसावेत. त्यानंतर जुन्या कातडी पट्ट्यावर किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पाते पाठ पुढे ठेवून मागे ओढा. कड पुढे नेली तर ती कागदात रुतेल.

परीक्षा टोमॅटोवर घ्या. पाते नुसते टेकवून किंचित ओढले आणि साल उघडली, तर धार आली. वर्तमानपत्राच्या उभ्या पानावरही पाहता येते. कागद अडखळेल तिथे कडेवर बर किंवा खाच उरली आहे. मग सुरी साबणाने धुऊन पुसा, कारण पात्यावर पोलादाचा कीस असतो.

विळीला धार

विळीची पद्धत थोडी वेगळी आहे. सुरी हातात फिरते, विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्याकडे जाते. कोकणात तिला आडाळी म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात मोरळी. तिचे पाते वक्र असल्याने ते सपाट दगडावर घासणे अवघड जाते. म्हणून इथे दगडच पात्याकडे न्यावा. विळी पूर्ण उघडून पाट घट्ट धरा, दगडाची ओली वडी दुसऱ्या हातात घ्या आणि पाठीकडून कडेकडे, बाहेरच्या दिशेने फिरवा. कडेच्या समोर हात कधीही येऊ देऊ नका. बाजू बदलताना विळीचे तोंड फिरवून घ्या, म्हणजे हात ओलांडावा लागणार नाही. बरचा नियम इथेही तोच.

जुन्या विळ्यांचे पाते साध्या पोलादाचे असते, म्हणून त्याला धार फार सुंदर लागते. पण गंजही लवकर चढतो. चिंच, टोमॅटो, लिंबू कापल्यावर ते लगेच धुऊन कोरडे करावे. दिल्लीच्या पावसाळी दमट दिवसांत त्यावर खाद्यतेलाचे एक बोट फिरवावे. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. त्या दिवशी विळीला हळदकुंकू वाहण्याआधी धार लावली तर पूजेला पुरा अर्थ येतो.

रस्त्यावरची सहाण

‘छुरी-चाकू तेज करा लो’ अशी हाक दिल्लीच्या गल्ल्यांत अजून ऐकू येते. सायकल स्टँडवर उभी करायची, पट्ट्याने तिच्यावरचे चाक फिरवायचे आणि ठिणग्या उडवत सुऱ्या घासायच्या, हे काम करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. तलवारी आणि खंजिरांना धार आणि झिलई देणारे शिकलगार महाराष्ट्रात होते, उत्तरेत शिखांमधले सिकलीगर होते. युद्धे सरली आणि त्यांचे कसब सुऱ्या-कात्र्यांकडे वळले.

त्यांच्या चाकाचे स्थान कुठे आहे हे समजून घ्यावे. कडेचे मोठे कपचे उडाले असतील, टोक तुटले असेल किंवा कड वाकडीतिकडी झाली असेल, तर चाकासारखे साधन नाही. दगडावर तासभर लागणारे काम तिथे मिनिटांत होते. पण कोरड्या चाकावर उष्णता पुष्कळ निर्माण होते. पोलादी पाते ३०० अंशांच्या आसपास तापले की कडेवर निळसर झाक येते. त्याचा अर्थ लोहाराने दिलेले पाणी तेवढ्या भागात उतरले आणि पोलाद मऊ पडले. म्हणून पाते मधून मधून पाण्यात बुडवायला सांगावे. चाकावरची कड जाडीभरडी असते, घरी आणल्यावर ती दगडाच्या बारीक बाजूवर घेतली की काम पूर्ण होते. दर महिन्याला चाकावर मात्र पाठवू नये. प्रत्येक वेळी पाते अरुंद होत जाते.

धार कोणाच्या हाती

धारदार सुरीची भीती बऱ्याच घरांत असते आणि ती पूर्णपणे निराधार नाही. आपल्याकडे कांदा, बटाटा डाव्या हातात धरून, सुरी अंगठ्याच्या दिशेने दाबत कापण्याची सवय आहे. बोथट सुरी अंगठ्यापाशी थांबते म्हणून ती सुरक्षित वाटते. खरी धार लावली की ही सवय बदलावी लागते. पाट किंवा बोर्ड घ्यायचा, भाजी त्यावर टेकवायची, धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवायची. आणि सुरी धारदार केली की घरातल्या सगळ्यांना ते आधी सांगायचे. एवढे पाळले की धारदार सुरीच जास्त सुरक्षित ठरते, कारण ती घसरत नाही आणि तिला जोर लागत नाही. जोर लावलेली सुरी घसरते तेव्हा होणारी जखम खोल असते.

मयूर विहारच्या कितीतरी घरांत स्वयंपाक करायला शेजारच्या त्रिलोकपुरीहून, चिल्ल्याहून, कोटल्याहून बायका येतात. एकेक बाई सकाळपासून चार-पाच घरांच्या भाज्या चिरते. सुरी त्या घरांची, मनगट मात्र तिचे. पाच घरांतल्या पाच बोथट सुऱ्यांचा जोर तिच्या एका हातातून जातो, आणि सुरी दुसऱ्याची असल्याने ती बहुधा बोलत नाही. जिथे आई किंवा आजी स्वतः स्वयंपाक करते, तिथेही हाच भार तिच्या सांध्यांवर पडतो. स्वयंपाक न करणारा घरातला माणूस स्वयंपाकघरासाठी करू शकेल अशा कामांत धार लावण्याचा क्रमांक फार वरचा आहे.

म्हणून हे काम कॅलेंडरवर घालावे. रोज वापरात असलेली सुरी आठवड्यातून एकदा दगडाच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने फिरवावी, त्याला काही मिनिटे लागतात. जाड बाजूपासून पूर्ण धार दोन-तीन महिन्यांतून एकदा. दगड मध्यभागी खोलगट झाला तर सिमेंटच्या खरखरीत जमिनीवर पाणी टाकून तो घासून सपाट करावा. सुऱ्या भांड्यांच्या गर्दीत न टाकता वेगळ्या खाचेत किंवा जाड कागदाच्या म्यानात ठेवाव्यात. आणि ज्यांच्या हातात ती सुरी रोज असते त्यांना विचारावे, आता कशी चालते आहे? दगड पुन्हा केव्हा काढायचा हे त्या उत्तरावरून ठरवावे.